सबवूफर बदलू नका, आधी सोफा सरकवा

मेहुण्याने नाशिकच्या नव्या फ्लॅटमध्ये ५.१ होम थिएटर (पाच स्पीकर आणि एक सबवूफर, म्हणजे फक्त बेसचे, खालचे सूर वाजवणारा स्पीकर) बसवलं आणि महिन्याभरात त्याचा फोन आला, "दाजी, बेसच येत नाही हो, दुकानदार म्हणतोय सब आठ इंची आहे म्हणून, बारा इंची घेऊन जा, घेऊ का?" म्हटलं थांब, शनिवारी येतोच आहे. गेलो तर दारातच त्याच्या बायकोची तक्रार, आणि ती बरोबर उलटी. "दाजी, ह्यांना जरा सांगा, पिक्चर लावला की डायनिंगमागच्या शोकेसच्या काचा थरथरतात, मला तिथे बसून भाजीसुद्धा निवडता येत नाही." म्हणजे सबवूफर एकच, हॉल एकच, पण सोफ्यावरच्या माणसाला बेस येत नाही आणि त्याच्या पाठीमागे सात फुटांवर बसलेल्या बाईला तो नको इतका येतोय. दोघंही अगदी खरं बोलत होते, आणि दुकानदाराने सुचवलेल्या बारा इंचाने दोघांचंही काम झालं नसतं.

त्याचा हॉल आपल्याकडच्या नव्या फ्लॅटमध्ये असतो तसाच आहे, लिव्हिंग-डायनिंग एकत्र, १५ फूट लांब, १० फूट रुंद, उंची साडेनऊ. एका टोकाच्या भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात सब, दुसऱ्या टोकाला डायनिंग टेबल आणि शोकेस, आणि सोफा बरोबर मध्यावर. आता हे बघा की हा सोफा खोलीच्या लांबीच्या मध्यावर आहे, टीव्हीच्या भिंतीपासून साडेसात आणि शोकेसच्या भिंतीपासून पण साडेसात फूट, इथेच सगळी गोम आहे.

घरात कपडे भिजवायचा लांबट प्लॅस्टिकचा टब असेल तर त्यात अर्ध्यापर्यंत पाणी भरा आणि एक टोक हलकेच वर-खाली करत राहा. एका ठरावीक तालात केलंत की पाणी जोरात हेलकावायला लागतं, या टोकाला वर चढतं तेव्हा त्या टोकाला खाली जातं, मग उलट. आता टबाच्या मध्यावर लक्ष द्या, तिथे पाण्याची पातळी जवळजवळ हलतच नाही. दोन्ही टोकांना तीन-तीन बोटं वर-खाली होतंय आणि मध्ये शांत! मला हे दृश्य लहानपणापासून आवडतं आणि खोलीतल्या बेसचं अर्धं शास्त्र याच टबात आहे असं माझं मत आहे.

खोलीतल्या हवेचंही हेच होतं. आवाज म्हणजे हवेच्या दाबाची लहर, ती भिंतीवर आपटून परत येते, समोरून येणाऱ्या लहरीत मिसळते, आणि लहरीची लांबी खोलीच्या मापात बसली तर दोन्ही मिळून एक जागच्या जागी हेलकावणारी लहर तयार होते, तिला स्टँडिंग वेव्ह म्हणतात. भिंतींपाशी दाबाची चढउतार सगळ्यात जास्त, मध्यावर जवळजवळ शून्य. आपला कान दाबातले बदल ऐकतो, म्हणून मध्यावर बसलेल्या माणसाला तो सूर ऐकूच येत नाही आणि भिंतीला टेकलेल्या शोकेसला भरपूर मिळतो.

कुठला सूर ते काढणं सोपं आहे. आवाज सेकंदाला साधारण ११३० फूट जातो. खोलीच्या लांबीची दुप्पट करा, म्हणजे ३० फूट, त्याने ११३० ला भागा, आले ३८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८ हेलकावे. ही झाली या हॉलच्या लांबीची पहिली वारंवारता. पिक्चरमधला स्फोट, ढगांचा गडगडाट, हेलिकॉप्टरची ती छातीत जाणवणारी धडधड, हे सगळं याच्या आसपासचं. रुंदीचं गणित केलं तर ११३० भागिले २० म्हणजे ५६.५ आणि उंचीचं ११३० भागिले १९ म्हणजे ५९.५. हे दोन आकडे किती जवळ आहेत बघा! रुंदी आणि उंची जवळपास सारखी असली की दोघांच्या लहरी एकाच सुरावर चढतात आणि तो सूर गाण्यात कुठेही आला की खोली घुमते, बेस गिटारच्या चार स्वरांतला एकच स्वर "बूऽऽम" करून राहतो आणि बाकीचे मुके. पुष्कळ लोक त्या घुमण्यालाच दणदणीत बेस समजतात. शिवाय प्रत्येक मापाची दुसरी, तिसरी लहर असते, लांबीची दुसरी ७५ हर्ट्झला, तिचा दाब मध्यावर जास्त आणि दोन्ही भिंतींपासून पाव-पाव अंतरावर शून्य. तिरक्या जाणाऱ्या, दोन किंवा तीन मापं मिळून होणाऱ्या लहरी पण असतात, त्यांचं सूत्र वर्गमुळाचं आहे, त्यात इथे जात नाही.

मेहुण्याला मी हे फोनवर दाखवलं. टोन जनरेटरचं (हवा तो सूर वाजवणारं) फुकट ॲप टाकलं, फोन ब्लूटूथने रिसीव्हरला, म्हणजे सगळे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला, जोडला (फोनच्या स्वतःच्या स्पीकरमधून इतका खालचा सूर निघत नाही), ३८ हर्ट्झ लावला, व्हॉल्यूम अगदी कमी, आणि त्याला सांगितलं टीव्हीपासून शोकेसपर्यंत हळूहळू चालत जा. टीव्हीपाशी घूंऽऽ, सोफ्यापाशी आला आणि थांबला, म्हणाला "बंद केलात का?" बंद काही केलं नव्हतं. तो दोन पावलं पुढे गेला आणि आवाज परत यायला लागला, शोकेसपाशी तर काचेवर बोट ठेवल्यावर कंप हाताला लागत होता. त्या एका मिनिटात त्याचा बारा इंची सबचा विचार संपला.

कारण सब मोठा केला तरी टबाच्या मध्यावरचं पाणी मध्यावरचंच राहणार, फक्त टोकांना जास्त उसळणार. रिसीव्हरच्या (आवाज आपोआप जुळवणाऱ्या) ऑटो सेटिंगनेही मध्यावरचा हा आवाजाचा खड्डा बुजत नाही. आवाज १० डेसिबलने वाढवायला वॅट दहापट लागतात, १०० वॅटच्या सबकडून १००० वॅटचं काम मागायचं आणि तरी खड्डा तसाच. वॅटवरून आठवलं, खोक्यावर छापलेल्या पीएमपीओ वॅटवर अजिबात विश्वास ठेवू नका. त्या आकड्याला सर्वमान्य अशी मोजायची पद्धतच नाही, ज्याला जो वाटेल तो छापतो. आरएमएस वॅट (सतत देता येणारी ताकद) बघा, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सेन्सिटिव्हिटी, तेवढ्याच वॅटला स्पीकर किती मोठा वाजतो ते. ८४ डेसिबलचा स्पीकर ८७ च्या बरोबरीने वाजवायला दुप्पट वॅट लागतात.

अजून एक गोष्ट जी परदेशी व्हिडिओ बघून सेटअप करणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत बरीच घरं लाकडी सांगाड्याची, भिंतीला आतून जिप्समचे पातळ बोर्ड, ते बोर्ड खालच्या सुराला थोडे लवचिकपणे हलतात आणि बेस थोडा खातात, थोडा बाहेर सोडतात. आपली भिंत विटांची नाहीतर काँक्रीटची, खाली टाइल्स, वर स्लॅब. ती काही हलत नाही, जवळपास सगळा बेस परत फेकते. त्यामुळे वरचं सगळं हेलकावणं आपल्याकडे जास्त तीव्र, म्हणून सबची जागा आपल्यासाठी जास्त महत्त्वाची.

ती जागा शोधायची युक्ती मला या सगळ्या विषयात सगळ्यात सुंदर वाटते. सब उचलून सोफ्यावर ठेवायचा, जिथे आपण बसणार तिथेच, बेसचे चढते-उतरते स्वर असलेलं गाणं लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत, कान सबच्या उंचीला ठेवून भिंतीकडेने फिरायचं. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील, एकही गायब नाही आणि एकही घुमत नाही, ती सबची जागा. सगळ्यात मोठा आवाज येईल ती जागा नव्हे, हे लक्षात ठेवा, नाहीतर सगळे कोपऱ्यात जाऊन थांबतात.

हे का चालतं? प्रत्येक जागेला त्या लहरीपुरते मार्क द्या, भिंतीपाशी १, मध्यावर ०, मधल्या जागांना मधले. सोफ्यावर जो आवाज येतो तो म्हणजे सबच्या जागेचे मार्क गुणिले सोफ्याच्या जागेचे मार्क. आता गुणाकारात ३ गुणिले ५ काय आणि ५ गुणिले ३ काय! दोघांच्या जागांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच. हाच नियम हेल्महोल्ट्झ आणि लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात गणिताने मांडला, तेव्हा लाऊडस्पीकरचा पत्ता नव्हता. आणि त्यातून हेही कळतं की दोघांपैकी एकाचेही मार्क शून्य असले की गुणाकार शून्य, म्हणून मेहुण्याचा सब कोपऱ्यात पूर्ण मार्क घेऊन बसला होता तरी सोफ्याच्या शून्याने सगळं घालवलं.

सासूबाई तिथेच होत्या, त्यांना कोणीतरी सांगितलेलं की ईशान्येला जड वस्तू ठेवू नये, म्हणून सब तिकडे नको. मी त्यांना तोच सूर ईशान्येला आणि मग समोरच्या कोपऱ्यात ऐकवला. हवेला दिशा कळत नाहीत, भिंत किती फुटांवर आहे तेवढं कळतं. वास्तूच्या नावाखाली लोक सोफा, टीव्ही, पलंग हलवायला हजारो रुपये देतात, आणि इथे एक टेप आणि फुकटचं ॲप पुरतं.

बजेट असेल तर एका मोठ्या सबपेक्षा दोन लहान घ्या, आणि समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवा. टबाच्या दोन्ही टोकांना एकाच वेळी थाप मारली तर पाणी एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली जाऊच शकत नाही, ती पहिली लहर उभीच राहत नाही. टॉड वेल्टी या संशोधकाने २००२ मध्ये किती सब आणि कुठे याचा पद्धतशीर हिशोब मांडला, त्यात भिंतींच्या मध्यावरचे दोन सब फार चांगले ठरले. हॉल आयताकृती आणि बंद असेल तेव्हाच हे नीट लागू होतं.

आता बाकीचे पाच. आवाजाच्या दिशेपुरतं बघितलं तर सब भिंतीकडेने कुठेही चालतो कारण ८० हर्ट्झची लहर १४ फूट लांब असते, ती कुठून आली हे ओळखायच्या आत ती खोलीभर पसरलेली असते. वरच्या सुरांचं तसं नाही. बाजूने आलेला आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा जास्तीत जास्त ०.७ मिलिसेकंद आधी पोचतो आणि मेंदू त्याहून कितीतरी लहान, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकसुद्धा पकडतो. म्हणून समोरचे दोन स्पीकर टीव्हीच्या दोन्ही बाजूंना असे ठेवा की सोफ्यासोबत सारख्या बाजूंचा त्रिकोण होईल, ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) कानाच्या उंचीला. सेंटर स्पीकर टीव्हीखाली असेल तर पुढून थोडा वर कलता करा, पिक्चरमधले बहुतेक संवाद त्याच्यातून येतात, यावर पैसे वाचवू नका. मागचे म्हणतो ते सराउंड खरं तर बाजूचे असतात, आंतरराष्ट्रीय शिफारशीत ते समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर आहेत, म्हणजे कानाच्या किंचित मागे, आणि घरात ते कानापेक्षा फूट-दोन फूट वर लावलेले बरे. सोफा भिंतीला टेकलेला असेल तर ७.१ च्या (मागे आणखी दोन स्पीकर) नादाला लागू नका, मागे जागाच नाही.

सराउंड सोफ्याला अगदी चिकटवू नका. १९४९ मध्ये हेल्मुट हास याने प्रयोगांनी दाखवलं की एकच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आला तर कानाला तो आधी पोचलेल्या दिशेनेच येतोय असं वाटतं, मागाहून आलेला थोडा मोठा असला तरी. सराउंड तीन फुटांवर आणि समोरचे नऊ फुटांवर असतील तर सराउंडचा आवाज पाच मिलिसेकंद आधी येतो आणि सगळा पाऊस मागेच पडतो. रिसीव्हरमध्ये प्रत्येक स्पीकरचं अंतर भरायची सोय असते, टेपने मोजून भरा. आणि स्पीकर लहान असतील तर सेटिंगमध्ये "स्मॉल" निवडून ८० हर्ट्झला क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचे सूर सबकडे जातात ती हद्द) ठेवा, त्यात कमीपणा काही नाही, खालचं काम सबला द्यायचं असतं.

वायर म्हणाल तर इलेक्ट्रिकच्या दुकानातली दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची टू-कोअर हॉलला पुरते. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका, ते बेसला काहीच करत नाहीत. ३८ हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्साच साडेसात फूट होतो, दोन इंची ट्रे तिला कुठला अडवणार. वरच्या सुरांच्या खणखणाटाला मात्र जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचं कपाट खरंच उपयोगी पडतात, हॉलमध्ये टाळी वाजवून बघा, टणटणीत उत्तर आलं तर सतरंजी टाका.

मेहुण्याकडे शेवटी सोफा दोन फूट मागे घेतला आणि सब टीव्हीच्या कोपऱ्यातून काढून डावीकडच्या भिंतीला, पुढून चार फुटांवर ठेवला. डायनिंगच्या खुर्च्या आता जरा अडचणीच्या झाल्यात, एक खुर्ची बाल्कनीत गेली. शोकेसच्या काचांना वहिनींनी कडेने फेल्टच्या पट्ट्या लावल्या. सब आठ इंचीच आहे.