पिवळी बस, निळी बस आणि टमटम

जून आला की मराठवाड्यातल्या आईबापांपुढं दरवर्षी तोच हिशोब असतो, लेकराला शाळेची बस लावायची, व्हॅन लावायची, रिक्षात बसवायचं का आपणच मोटारसायकलवर सोडायचं, आणि हा हिशोब बहुतेक घरात भाड्याचा आकडा ऐकला की तिथंच संपतो. यात थोडं फिजिक्स, थोडी केमिस्ट्री आणि पैशाचं गणित घातलं की जे दिसतं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. रस्त्यावर लेकरांसाठी सगळ्यात सुरक्षित जागा म्हणजे मोठी आणि भरलेली बस, पण त्या जागेचं भाडं परवडत नाही म्हणून लेकरं तिच्यातून उतरतात आणि जास्त धोक्याच्या गाड्यांमध्ये जाऊन बसतात. बसच्या सुरक्षेवर बोलताना ही उतरलेली लेकरं कुणीच मोजत नाही.

आधी टक्कर समजून घेऊ. समजा ९ टनाची बस आणि १ टनाची व्हॅन, दोन्ही ५० च्या स्पीडनं समोरासमोर धडकल्या आणि एकमेकांत अडकून पुढं सरकल्या. आठवी-नववीत शिकलेला संवेगाचा नियम लावला तर धडकेनंतर दोन्ही गाड्या बसच्याच दिशेनं ४० च्या वेगानं जातात. म्हणजे बसचा वेग ५० वरून ४० झाला, फक्त १० चा फरक. व्हॅन मात्र एका दिशेला ५० नं चालली होती ती क्षणात उलट्या दिशेला ४० नं फेकली गेली, म्हणजे ९० चा फरक, आणि हाच फरक आतल्या शरीरांना सोसावा लागतो. एकच टक्कर, पण बसमधल्या लेकराला १० चा झटका आणि व्हॅनमधल्याला ९० चा. त्यात व्हॅनमध्ये पुढचा बंपर आणि लेकराचे गुडघे यांच्यात अंतरच नसतं, बसमध्ये लेकरं बऱ्यापैकी उंचावर बसतात, समोरच्या कारचा धक्का त्यांच्या पायाखालच्या चेसिसवर जातो.

हे फक्त कागदावरचं गणित नाही. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती आणि बसमधले प्रवासी तीन टक्क्यांपेक्षाही कमी. अमेरिकेत तर जवळपास पावणेपाच लाख स्कूल बस रोज अडीच कोटींच्या आसपास मुलं नेतात, तिथली ती सगळ्यात मोठी सार्वजनिक वाहतूक आहे, आणि तिथल्या रस्ता सुरक्षा खात्याचं म्हणणं आहे की कारपेक्षा बसनं जाणारं मूल शाळेत सुखरूप पोचायची शक्यता साधारण ७० पट जास्त असते. आपल्याकडचे रस्ते वेगळे, बस वेगळ्या, त्यामुळं तो ७० चा आकडा जसाच्या तसा लातूर-नांदेड रोडला लावता येणार नाही, पण दिशा तीच आहे.

मग बसमध्ये सीटबेल्ट का नसतो असं बरेच पालक विचारतात. मोठ्या स्कूल बसमध्ये १९७७ पासून अमेरिकेत वेगळी युक्ती वापरतात, सीट जवळजवळ, पाठ उंच आणि मागच्या बाजूनं जाड गादी, म्हणजे ब्रेक लागला किंवा धडक झाली की मूल पुढच्या सीटच्या गादीवर आदळतं आणि ती गादी दबून धक्का खाते. समोरून धडक असेल तर हे चांगलं चालतं. बस आडवी झाली किंवा बाजूनं ठोकर बसली तर याचा उपयोग फार कमी, म्हणून आता तिथंही बेल्टचा आग्रह वाढलाय. पण मुद्दा असा की ही युक्ती प्रत्येक लेकराला स्वतःची सीट असेल तरच चालते. दोघांच्या सीटवर चौघं, दोघं मधल्या जागेत उभी, दप्तरं दाराजवळ, आणि सीटच्या पाठीला उघडा लोखंडी पाइप, असं असेल तर पुढं आदळायला गादीच नाही, पाइप आहे. जुनी बस बघायला गेलात तर आधी तो पाइप बघा, रंग नंतर.

खिडकीच्या गजांचंही असंच. दिल्लीत १९९७ मध्ये वजिराबादच्या पुलावरून शाळेची बस यमुनेत पडली आणि त्यानंतर सुप्रीम कोर्टानं जे नियम घालून दिले त्यात खिडक्यांना आडवे गज, फर्स्ट एड पेटी, आग विझवायचं सिलिंडर, वेगाला लगाम, अनुभवी ड्रायव्हर, सोबत मदतनीस, हे सगळं आलं. गज बरोबरच आहेत, लेकरू डोकं-हात बाहेर काढत नाही. पण बस उलटली तर हेच गज बाहेर पडायची वाट अडवतात, म्हणून गज असलेल्या बसला संकटकाळी उघडणारं दार पाहिजेच आणि ते खरंच उघडतंय का हे महिन्यातून एकदा उघडूनच बघावं लागतं. त्या दाराला टेकवून जादाचं बाकडं ठेवलेलं असलं तर दार असून नसल्यासारखं.

आता खरा धोक्याचा भाग, तो बसच्या बाहेर आहे. अमेरिकेच्या आकड्यांमध्ये वर्षानुवर्षं हेच दिसतं की शाळेच्या वाहतुकीत जी मुलं दगावतात त्यात बसमध्ये बसलेल्यांपेक्षा चढता-उतरताना, पायी असलेली मुलं जास्त असतात, कधी दुसऱ्या गाडीखाली तर कधी चक्क स्वतःच्याच बसखाली. ड्रायव्हर उंचावर बसतो, बंपरजवळ वाकून वॉटरबॅग उचलणारं साडेतीन फुटाचं लेकरू त्याला दिसतच नाही. तिथं म्हणून बसच्या चारी बाजूंनी दहा फुटाची पट्टी धोक्याची धरतात आणि बस थांबून लाल दिवे लागले की मागची-समोरची गाडी कायद्यानं थांबवावी लागते. आपल्याकडं फाट्यावर बस थांबली की मागचा हॉर्न मारत बाजूनं काढतो, आणि लेकरू बसच्या पुढून पळत रस्ता ओलांडतं. मदतनीस मावशी खाली उतरून, हात धरून, बस गेल्यावर रस्ता ओलांडून देत असेल तर त्या एका सवयीनं जेवढे जीव वाचतील तेवढे कुठल्याच कॅमेऱ्यानं वाचणार नाहीत असं माझं ठाम मत आहे. मावशीचा पगार वाचवायला तिला काढणाऱ्या शाळांनी हे नीट लक्षात घ्यावं.

वेगाचं गणितही बाहेरच्याच लेकरांसाठी आहे. ४० च्या स्पीडला ड्रायव्हरला धोका दिसून पाय ब्रेकवर जायला एक सेकंद धरला तर तेवढ्यात ११ मीटर गेले, मग ब्रेक लागून थांबायला अजून १० एक मीटर, एकूण २१. ६० ला हेच अंतर ४० मीटर होतं. स्पीड दीडपट, अंतर जवळपास दुप्पट, कारण थांबवायची ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांत शहरात ४० आणि बाहेर ५० ची मर्यादा आहे ती म्हणून.

आणि पिवळा रंग. १९३९ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकानं अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांच्या लोकांना बोलावून स्कूल बसचे नियम ठरवले, रंग तिथंच पक्का झाला. आपल्या डोळ्यातल्या लाल आणि हिरवा ओळखणाऱ्या दोन्ही पेशी पिवळ्या रंगानं जाग्या होतात, त्यामुळं सरळ न बघताही, डोळ्याच्या कडेनंसुद्धा तो पटकन कळतो, आणि त्यावर काळी अक्षरं अंधुक उजेडातही वाचता येतात. जानेवारीत आपल्याकडं दिवस उगवायलाच सात वाजतात, त्यात धुकं, आणि रस्त्यावर गळीत हंगामाच्या डबल ट्रॉल्या ज्यांना मागं रिफ्लेक्टर नसतो. अशा वेळी पिवळी बस दिसते, पांढरी व्हॅन दिसत नाही.

एवढं सगळं बसच्या बाजूनं आहे, तर लेकरं टमटममध्ये का? तर पैसे. एक अंदाजे हिशोब मांडतो, ४० सीटची बस, रोज ६० किलोमीटर, लिटरला ५ चं ॲव्हरेज, म्हणजे १२ लिटर डिझेल. ९२ रुपयांनी महिन्याच्या २४ दिवसांचे साडेसव्वीस हजार. आपल्याकडं इंधन महागच पडतं, परभणीचं पेट्रोल २०१८ मध्ये नव्वदीच्या पुढं गेलं तेव्हा देशभर बातमी झाली होती, कारण ते मनमाडजवळच्या डेपोतून एवढ्या लांब आणावं लागतं. त्यावर ड्रायव्हरचे १५ हजार, मावशीचे ८, बँकेचा हप्ता ३५, विमा-टॅक्स-टायर-पासिंग धरून १७, म्हणजे बस जागेवर उभी राहिली तरी ७५ हजार. एकूण लाखाच्या वर, भागिले ४०, एका लेकरामागं साधारण अडीच हजार रुपये महिना. दोन लेकरं असली की पाच हजार. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव ४,८९२ होता, म्हणजे दर महिन्याला क्विंटलभर सोयाबीन फक्त शाळेत जायला, आणि तेही हमीभाव हातात पडला तर. टमटमवाले काका निम्म्याहून कमी घेतात, दारात येतात, उधारीवर थांबतात. आईबापांना नावं ठेवायची हिंमत मला तरी होत नाही.

या हिशोबात बघा, डिझेल पाव हिस्सा आहे, बाकी सगळा खर्च उभ्या बसचा. म्हणजे भाडं कमी करायचा रस्ता डिझेलमध्ये नाही, तीच बस दोन शिफ्टला चालवण्यात आहे. डिझेल दुप्पट झालं तरी दोन फेऱ्यांत ८० लेकरं गेली तर एकामागं १,६०० वर येतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी ९ च्या आधी भरवू नका असं सांगितलं, लेकरांच्या झोपेसाठी ते चांगलंच आहे, पण बसवाल्यांची तक्रार हीच होती की सगळ्यांची वेळ जवळ आली की दुसरी फेरी मारायला वेळ उरत नाही. शाळांनी आपसात बसून वेळा अर्ध्या-पाऊण तासानं मागंपुढं केल्या तर झोप पण राहील आणि फेरी पण.

प्रदूषणाचं गणित तर मलाही वाटलं होतं त्यापेक्षा अवघड निघालं. एक लिटर डिझेल जळलं की अंदाजे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड, १२ लिटरचे ३२ किलो, भागिले ४०, एका लेकराचे दिवसाला ८०० ग्रॅम. शाळा ६ किलोमीटरवर असेल आणि बाप सोडायला-आणायला गाडीवर जात असेल तर रिकामी फेरी धरून दिवसाचे २४ किलोमीटर, अर्धा लिटर पेट्रोल, सव्वा किलोच्या आतबाहेर. कार असेल तर साडेतीन किलोच्या पुढं. पण बस अर्धी रिकामी धावली तर एका लेकराचे १,६०० ग्रॅम होतात आणि बापाची मोटारसायकल बसपेक्षा स्वच्छ ठरते! बस स्वच्छ आहे का नाही हे इंजिनपेक्षा भरलेल्या सीटवर जास्त ठरतं.

कार्बन हा जगाचा प्रश्न, काजळी मात्र लेकराच्या छातीचा. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २०१२ मध्ये नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं. लेकरांचा श्वास वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त चालतो, आणि बसचा स्वतःचाच धूर बसच्या आत येतो हे कॅलिफोर्नियात मोजून बघितलंय. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर असतो, पण तो साफ व्हायला इंजिन नीट तापावं लागतं, आणि गल्लीगल्लीत थांबत जाणाऱ्या बसमध्ये तो चोंदतो, म्हणून आठवड्यातून एखादी फेरी हायवेवर लांब मारून आणलेली चांगली. शाळेच्या गेटवर पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून उभं राहणं तर आजच बंद करता येतं, त्याला एक रुपया लागत नाही.

इलेक्ट्रिक बसचं विचाराल तर शाळेच्या बसला ती शोभते, रोजचा रूट ठरलेला, अंतर कमी, आणि भर दुपारी बस शाळेत उभी. अमेरिकेनं इलेक्ट्रिक आणि कमी धुराच्या स्कूल बससाठी पाच वर्षांत पाच अब्ज डॉलर बाजूला काढले. आपल्या ग्रीडची वीज अजून जास्त करून कोळशाची आहे, त्यामुळं नुसती प्लगला लावली तर कार्बनमध्ये डिझेलपेक्षा फरक थोडासाच पडतो, काजळी मात्र लेकरांच्या नाकापासून दूर जाते. खरा फायदा शाळेच्या छतावर सोलर टाकला तर, ६० किलोमीटरला लागतील ४५ एक युनिट, ११-१२ किलोवॅटचे पॅनल पुरतात, आणि उन्हाची आपल्याकडं कमी नाही. अडचण बसच्या किमतीची आहे, तो हप्ता वरच्या हिशोबात घालून बघा, भाडं अजून वाढतं आणि अजून चार लेकरं टमटममध्ये जातात.

म्हणून मला सगळ्यात मोलाची वाटते ती निळी बस. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातल्या १२५ मागास तालुक्यांत एसटीच्या या बस खास मुलींना शाळेत न्यायला सुरू झाल्या, आणि अहिल्यादेवी होळकर योजनेत मुलींचा पास बारावीपर्यंत फुकट आहे. मोठी गाडी, प्रशिक्षित ड्रायव्हर, डेपोत होणारी देखभाल, भाडं शून्य, वर सांगितलेल्या बऱ्याच कसोट्या ही बस पार करते. वस्ती-तांड्यावरच्या किती पोरींची सातवीनंतरची शाळा या बसवर टिकली हे आपल्या आजूबाजूलाच दिसेल. तिचा एकच कच्चा दुवा, वेळ. शाळा पाचला सुटते आणि बस साडेसहाला, किंवा आज दुसऱ्याच रूटला लावली, की पोरी काळी-पिवळीला हात करतात. शाळेनं वेळ बदलली की डेपो मॅनेजरला त्याच दिवशी लेखी कळवणं, गावानं ग्रामसभेतून फेरी मागून घेणं, याला वजन असतं.

आणि ज्यांनी बस किंवा व्हॅन लावलीच आहे त्यांनी एवढं तरी करा, गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाका, पासिंग कधीपर्यंत आहे, विमा चालू आहे का, गाडी किती सालची आहे, सगळं दोन मिनिटांत दिसतं. पासिंग संपलेलं असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि मुख्याध्यापकांना द्या, २०११ च्या नियमाप्रमाणं प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तिचे अध्यक्ष तेच असतात आणि पालकांचा प्रतिनिधीही तिच्यात असतो. तो कोण आहे हे पण विचारून घ्या.