ब्रायटन–रॉटिंगडीन सीशोर इलेक्ट्रिक रेल्वे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन ते रॉटिंगडीन अशी १८९६ ते १९०१ या काळात चाललेली विजेची रेल्वे. लांबी सुमारे साडेचार किलोमीटर. तिचे रूळ समुद्रतळावर होते. भरतीला ते पार बुडत, तरी गाडी पाण्यातून चालतच राही.

ब्रायटनचे अभियंते मॅग्नस व्होल्क यांनी १८८३ मध्ये किनाऱ्यालगत विजेची छोटी रेल्वे सुरू केली होती. ती पूर्वेकडे वाढवायची, तर वाटेत चुनखडकाचे उभे कडे. कड्यावर चढायचे तर चढ फार, खालून पूल बांधत जायचे तर खर्च फार. म्हणून व्होल्क थेट समुद्रात उतरले. काठापासून ६० ते ९० मीटर आत, खडकात रोवलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर त्यांनी शेजारीशेजारी दोन लोहमार्ग टाकले आणि त्या चारही रुळांवर मिळून एकच गाडी उभी केली.

‘पायोनियर’ नावाची ही गाडी म्हणजे सात मीटर उंचीच्या चार पोलादी पायांवर पेललेला जहाजाचा डेक. वजन ४५ टन, प्रवासी दीडशे. विजेच्या मोटारी वर डेकवर, चाके खाली पाण्यात. पायांच्या पोकळीतून गेलेले दांडे चाके फिरवत. वीज वरच्या तारेतून येई आणि रुळांतून परत जाई. भरतीला ती समुद्राच्या पाण्यातूनही परत जाई. गाडी समुद्रात चालणार म्हणून तिच्यावर कप्तान आणि जीवरक्षक होडी सक्तीची होती. लांब तंगड्यांच्या किड्यावरून लोक तिला ‘डॅडी लाँग लेग्ज’ म्हणत.

उद्घाटन २८ नोव्हेंबर १८९६ रोजी झाले आणि आठवडाही उलटला नाही तोच, ४ डिसेंबरच्या रात्री, वादळाने गाडी आडवी केली. व्होल्क यांनी पाय सुमारे ६० सेंटिमीटरने वाढवून जुलै १८९७ मध्ये ती पुन्हा रुळांवर आणली. या जिद्दीला दाद द्यावीच लागते. प्रवाशांची वाण नव्हती. अडचण होती ती मोटारींची: भरतीच्या पाण्यात त्यांचा जोर पुरत नसे, गाडी अक्षरशः रांगे. जास्त ताकदीची दुसरी गाडी बांधायला पैसा नव्हता.

पुढे किनाऱ्याची धूप रोखण्यासाठी नवे बांध घातले गेले. त्यांच्यामुळे प्रवाह बदलून ठोकळ्यांखालचा तळ खरवडला गेला. आणखी बांधांसाठी मार्ग खोल पाण्यात हलवा, असे नगर परिषदेने सांगितले. ते व्होल्क यांना परवडणारे नव्हते. जानेवारी १९०१ मध्ये रेल्वे बंद पडली. १९१० मध्ये गाडी भंगारात गेली. ओहोटीला ठोकळ्यांची रांग अजून उघडी पडते. व्होल्क यांनी मूळची किनाऱ्यावरची रेल्वे मात्र १९०१ मध्येच पूर्वेकडे ब्लॅक रॉक या ठिकाणापर्यंत वाढवली. ती आजही चालते.