रबरी धागा

इलॅस्टिकच्या पट्टीला ताण देणारा लवचीक धागा. चांगला रबरी धागा तुटण्यापूर्वी मूळ लांबीच्या सहा-सात पट ताणला जातो आणि सोडताच जवळपास होता तेवढा होतो. नागपुरात इतवारी, गांधीबाग भागातील शिवणसाहित्याच्या दुकानांत मिळणाऱ्या इलॅस्टिकची वीण उसवली, की आत समांतर गेलेले रबरी धागे आणि त्यांभोवती गुंफलेले सुती किंवा पॉलिएस्टरचे सूत दिसते. पट्टी विणताना रबर ताणलेले असते, म्हणून कापलेल्या टोकाशी ते आत सरकते आणि नुसते सूत बाहेर राहते.

मूळ द्रव्य म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, त्वरक (गंधकाची क्रिया जलद करणारी द्रव्ये) आणि ऑक्सिडीकरणरोधके (हवेतील प्राणवायूपासून रबर जपणारी द्रव्ये) मिसळून तो बारीक नळ्यांतून सौम्य ॲसेटिक आम्लात सोडतात. तिथे तो गोठून गोल धागा बनतो. मग धुणे, वाळवणे आणि गरम भट्टीतले व्हल्कनीकरण, म्हणजे गंधकासह तापवून रबर पक्के करणे. धागे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शंखजिऱ्याची पूड लावतात. रबराच्या तक्त्यातून कापलेला धागा मात्र चौकोनी असतो. धाग्याचा क्रमांक म्हणजे एका इंचात शेजारी शेजारी मावणाऱ्या धाग्यांची संख्या; क्रमांक मोठा, तितका धागा बारीक.

इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी १८२० मध्ये कपड्यांना रबरी पट्ट्या लावण्याचे पेटंट घेतले, पण कच्चे रबर थंडीत कडक आणि उन्हात चिकट होई. अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना १८३९ मध्ये गंधक आणि उष्णतेचा उपाय सापडला. गंधक रबराच्या लांब रेणुसाखळ्यांना जागोजागी सांधतो. साखळ्या ताणल्या तरी सांधे त्यांना घसरू देत नाहीत, म्हणून धागा परत येतो.

उन्हाळ्यात इलॅस्टिक उष्णतेने ‘सैल पडते’, असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात ताणलेले रबर तापवले तर अधिक आवळते. इंग्रज निसर्गअभ्यासक जॉन गॉफ यांनी १८०५ मध्येच हे नोंदवले होते. धागा झटकन ताणून ओठांना लावला, तर तो किंचित गरम लागतो, हा त्याच गुणाचा दुसरा पैलू. नुकसान होते ते ऑक्सिडीकरणाने. हवेतील प्राणवायू साखळ्या तोडतो, आणि उष्णता व ऊन ही क्रिया वाढवतात. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा दिवसांत गच्चीवर भर उन्हात वाळणाऱ्या कपड्यांतले रबर लवकर म्हातारे होते. ते आधी चिकट किंवा ठिसूळ होते, मग ताणताना बारीक चिरा दिसतात. कपडे सावलीत वाळवणे आणि इलॅस्टिकवरून कडक इस्त्री न फिरवणे हे म्हणूनच योग्य.

तेलही रबराचे वैरी: ते मुरले की धागा फुगतो, त्याची ताकद घटते. हवेतील ओझोन वायूने ताणलेल्या धाग्याला आडव्या भेगा पडतात.

१९५८ मध्ये ड्यूपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स हा पॉलियुरेथेन या कृत्रिम द्रव्याचा लवचीक तंतू तयार केला. तो बराच बारीक काढता येतो, रंगवता येतो आणि तेल, घाम यांना रबरापेक्षा चांगला टिकतो, त्यामुळे अंगाला घट्ट बसणाऱ्या कपड्यांत त्याने रबराची जागा घेतली. दोन्ही ओळखायला ज्योत पुरते: रबर काळा धूर आणि गंधकाचा वास सोडत जळते, स्पॅन्डेक्स वितळत जळते.