चंद्राचं वजन वाढलं, पण आलं कुठून?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश सायन्स फिक्शन सिरीजचा 'किल द मून' हा एपिसोड ४ ऑक्टोबर २०१४ ला आला आणि त्यावरून फॅन लोकांमधे जी जुंपली ती आजही थांबलेली नाही, सिरीजमधल्या फसलेल्या एपिसोडांचा विषय निघाला की कोणीतरी याचं नाव घेतंच आणि मग दोन तट पडतात. एक तट म्हणतो की एवढा इमोशनल, एवढा धाडसी एपिसोड क्वचितच झालाय, दुसरा म्हणतो की सायन्सची इतकी वाट कधीच लावली नव्हती. मी दुसऱ्या तटात आहे, पण माझं कारण जरा वेगळं आहे आणि ते नीट सांगायचंय.

आधी ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट. साल २०४९. काळात फिरणारा डॉक्टर (सिरीजचा हिरो), त्याच्याबरोबर फिरणारी शिक्षिका क्लारा आणि तिच्या शाळेतली विद्यार्थिनी कोर्टनी चंद्रावर उतरतात आणि लक्षात येतं की इथे तरंगत चालावं लागत नाहीये, ग्रॅव्हिटी पृथ्वीसारखीच आहे. डॉक्टर यो-यो काढून खाली सोडून बघतो (हा सीन मला मनापासून आवडतो, खिशातल्या खेळण्याने प्रयोग!) आणि सांगतो की चंद्राचं वजन वाढलंय, १३० कोटी टनांनी. त्यामुळे पृथ्वीवर एकाच वेळी सगळीकडे भरती आलीय, माणसं मेलीयत, आणि कॅप्टन लंडविक म्युझियममधलं जुनं शटल काढून अणुबॉम्ब घेऊन चंद्र उडवायला आलीय. मग कळतं की चंद्र म्हणजे एक अंडं आहे, आतलं पिल्लू दहा कोटी वर्षं वाढतंय आणि आता बाहेर येणार. मारायचं की येऊ द्यायचं हे तुम्हीच ठरवा असं सांगून डॉक्टर चक्क निघून जातो.

आम्ही चार मित्रांनी तो पुण्यात एका रूमवर लॅपटॉपला डोकी लावून बघितला आणि रात्री उशिरा भुर्जीच्या गाडीवर जाऊन भांडलो. एक मित्र म्हणाला, अरे निळ्या खोक्यात बसून काळात मागेपुढे जाणारा माणूस चालतो तुला, ते खोकं आतून बाहेरच्यापेक्षा मोठं असतं ते पण चालतं, आणि अंडं चालत नाही? प्रश्न बरोबर आहे. जगभर या एपिसोडची बाजू घेणारे हेच म्हणतात.

पण मला अंडं चालतं. मला चालत नाही तो आकडा.

खोकं आतून मोठं कसं याचा हिशोब सिरीजने कधी दिला नाही, ती जादू आहे असं आपण मान्य करून बसतो. इथे मात्र डॉक्टरने तोंडाने आकडा दिला, आणि आकडा दिला की बघणारा तो पडताळून बघणार, तो त्याचा हक्कच आहे. तर बघू. चंद्राचं वस्तुमान आहे साधारण ७३५ वर सतरा शून्यं एवढे टन. त्यात १३० कोटी टन मिळवले तर काय फरक पडेल? समजा तुमचं वजन ६० किलो आहे, तर त्या हिशोबात तुमचं वजन एका मायक्रोग्रॅमने वाढलं, म्हणजे मिठाचा एक कण घ्या आणि त्याचे पन्नास-साठ तुकडे करून त्यातला एक जिभेवर ठेवा, तेवढं. अजून जवळचं उदाहरण देतो. १३० कोटी टन पाणी म्हणजे साधारण ४६ टीएमसी. आपलं कोयना धरण १०५ टीएमसीचं आहे. म्हणजे कोयना अर्धंसुद्धा भरणार नाही एवढं वजन चंद्रावर वाढलं आणि त्याने म्हणे पृथ्वीवरची शहरं बुडली!

खरोखर पृथ्वीसारखी ग्रॅव्हिटी हवी असेल तर काय लागेल? चंद्रावर ती पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश आहे, त्यामुळे चंद्राचा आकार तोच ठेवून वस्तुमान सहापट करावं लागेल, म्हणजे आहे त्या चंद्रात अजून पाच आख्खे चंद्र कोंबावे लागतील. मग त्याची सरासरी घनता पाण्याच्या वीसपट होईल, सोन्यापेक्षाही जास्त. आता हे किती भारी दिसलं असतं बघा, चंद्राच्या आत काहीतरी सोन्याहून जड वाढतंय आणि ते काय आहे कुणालाच माहीत नाही! आकडा खरा घेतला असता तर गोष्ट जास्त भीतीदायक झाली असती, म्हणून माझा जीव तुटतो.

भरतीचंही तसंच. एकाच वेळी सगळीकडे भरती हे होऊच शकत नाही, कारण समुद्रात पाणी आहे तेवढंच आहे. चंद्राकडच्या बाजूच्या पाण्याला चंद्र जरा जास्त ओढतो, पलीकडच्या बाजूला जरा कमी, या फरकामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो आणि मधल्या पट्ट्यात पाणी उतरतं. कोकणात किनाऱ्यावर राहणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही, उधाणाची भरती जेवढी वर चढते तेवढीच पुढची ओहोटी लांब जाते. चंद्र सहापट जड झाला तर भरतीतला त्याचा वाटा सहापट होईल, बंदरं बुडतील, आणि साधारण सहा तासांनी तीच बंदरं कोरडी पडून बोटी चिखलात कलंडतील. हे चित्र एपिसोडमधे हवं होतं. (जाता जाता, पावसाळ्यात मुंबईत साडेचार मीटरच्या लाटा उसळणार अशी बातमी येते ना, ती लाटांची उंची नसते, ती भरतीच्या पाण्याची पातळी असते.)

आता अंड्याकडे येतो, कारण खरी चूक तिथे आहे आणि ती माझ्या आजीने पकडली असती. आजी खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवायची आणि अठरा-एकोणीस दिवस झाले की एका भांड्यात कोमट पाणी घेऊन अंडी हलकेच त्यात सोडायची. आम्ही पोरं भांड्याभोवती श्वास रोखून बसायचो. अंडं तरंगायचं, आणि मग पाणी अगदी शांत झालं की ते आपोआप हलायचं, एक बारीक झटका, पाण्यावर एक वर्तुळ, पुन्हा शांत. आत पिल्लू जिवंत आहे याची ती खूण. पण मुद्दा तरंगण्याचा आहे. ताजं अंडं पाण्यात बुडतं, हे तरंगतं, म्हणजे पिल्लू वाढत गेलं तसं अंडं हलकं होत गेलं! कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून २१ दिवसांत पाण्याची वाफ बाहेर जात राहते आणि अंड्याचं साधारण १२-१३ टक्के वजन कमी होतं. पिल्लू बाहेरून काही आणत नाही, आतल्याच पिवळ्या-पांढऱ्या बलकाचं ते बनतं. त्यामुळे अंडं उबायला आलं म्हणून चंद्र जड झाला हे उलटं आहे, तो हलका व्हायला हवा होता. आणि शेवटी तर नुकतं जन्मलेलं पिल्लू लगेच पहिल्याएवढंच नवीन अंडं घालून उडून जातं, तिथे मी हात टेकले.

एका बाबतीत मात्र मी एपिसोडची बाजू घेतो. त्यात कोळ्यासारखे मोठे प्राणी आहेत आणि डॉक्टर सांगतो की ते एकपेशीय जंतू आहेत, कोर्टनी त्यातल्या एकाला किचनमधल्या जंतुनाशक स्प्रेने मारते. यावर लोक खूप हसले. कोळ्याएवढा जंतू मलाही पटत नाही, कारण पेशी मोठी झाली की अन्न-ऑक्सिजन नुसतं झिरपत मधपर्यंत पोचत नाही. पण २०२२ मधे कॅरिबियनमधल्या ग्वाडलूपच्या खारफुटीत सापडलेल्या थायोमार्गारिटा मॅग्निफिका नावाच्या बॅक्टेरियाची माहिती जाहीर झाली, एकच पेशी, लांबी सेंटिमीटरभर, काही तर दोन सेंटिमीटर, भिंगाशिवाय दिसणारी! तिच्या आत बहुतेक जागा पाण्याच्या पिशवीने व्यापलेली असते आणि जिवंत भाग कडेला पातळ थरात राहतो, झिरपण्याच्या अडचणीवर तिने शोधलेला हा मार्ग.

बाजू घेणारे म्हणतात की हे सगळं सोड, शेवटचा क्लाराचा राग बघ. पृथ्वीवरच्या लोकांनी दिवे बंद करून मार म्हणून कौल दिला, तिने तो झुगारून शेवटच्या क्षणी बॉम्ब थांबवला, आणि मग तिला एकटीला टाकून गेलेल्या डॉक्टरवर ती जी तुटून पडते तो सीन खरंच अप्रतिम आहे, क्लारा झालेल्या जेना कोलमनने जीव ओतलाय. पण तिच्या निर्णयाचं वजन कशावर उभं आहे? एका पिल्लासाठी पृथ्वीवरच्या कोट्यवधी माणसांचा जीव धोक्यात घालायचा का, यावर. तो धोका अर्ध्या कोयनेएवढ्या वजनावर टेकवला तर डोळ्यांत पाणी येता येता डोकं हिशोब मांडायला लागतं. १९६३ मधे ही सिरीज सुरू झाली तेव्हा डॉक्टरबरोबर पहिल्यांदा गेलेल्या माणसांत एक सायन्सचा शिक्षक होता आणि एक इतिहासाची शिक्षिका, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

त्या रात्री गाडीवर वाद संपत नव्हता तेव्हा मित्राने भुर्जीवाल्या काकांकडून एक उकडलेलं आणि एक कच्चं अंडं मागून घेतलं आणि दोन्ही स्टीलच्या ताटलीत भिंगरीसारखी फिरवली. उकडलेलं सरसर फिरलं, बोट टेकवलं, थांबलं. कच्चं आधीपासूनच रेंगाळत होतं, त्याला बोट लावून सोडलं तर ते पुन्हा आपणहून फिरायला लागलं, कारण कवच थांबलं तरी आतला बलक फिरतच होता. त्याने विचारलं, मग खरा चंद्र कच्चा की उकडलेला? तेव्हा मला उत्तर देता आलं नाही, घरी येऊन शोधलं. अपोलोच्या अंतराळवीरांनी आणि रशियाच्या लुनोखोद गाड्यांनी चंद्रावर खास आरसे नेऊन ठेवलेत, त्यांच्यावर पृथ्वीवरून लेसर मारतात, उजेड अडीच सेकंदांत परत येतो आणि अंतर सेंटिमीटरपेक्षाही बारीक मोजता येतं. अशी वर्षानुवर्षं मोजणी केल्यावर चंद्राच्या फिरण्यात एक अगदी बारीक ढिलाई दिसली, आतलं काहीतरी पातळ बाहेरच्या घट्ट खडकावर घासत असल्यासारखी. अपोलोची भूकंपमापकं १९७७ पर्यंत चालू होती, त्यांच्या जुन्या नोंदीही तेच सांगतात. बाहेर घट्ट खडक, त्याच्या आत वितळलेल्या लोखंडाचा थर आणि अगदी मधोमध घट्ट लोखंडाचा गोळा.

दुसऱ्या दिवशी मित्राला फोन करून सांगितलं, उकडलेला आहे, पण मधे थोडा कच्चा राहिलाय.