उकाडा, कोंबडी आणि अंड्याचे कवच

मे महिन्यात मुंबईत डझनभर अंडी घरी आणली की त्यातले एखादे तडकलेले निघते आणि दोष पिशवीला किंवा दुकानदाराला दिला जातो. पुष्कळदा त्या तड्याची तयारी कोंबडीच्या शरीरातच झालेली असते आणि तिचे मूळ कोंबडीच्या श्वासात असते.

कोंबडीला घर्मग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सियस असते. हवा तिशीपलीकडे गेली की ती चोच उघडी ठेवून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकू लागते. श्वसनमार्गातील ओलाव्याचे बाष्पीभवन होते आणि त्याबरोबर अंगातील उष्णता बाहेर पडते. मात्र हवाच बाष्पाने भरलेली असेल तर हा उपाय अर्धवट ठरतो. त्यामुळे पनवेल-पालघरच्या दमट शेडमधले ३४ अंश हे देशावरच्या कोरड्या ३४ अंशांपेक्षा कोंबडीला जास्त सोसावे लागतात.

धापांची किंमत कवचाला मोजावी लागते. अंड्याचे कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यातले कार्बोनेट कोंबडी रक्तातील कार्बन डायऑक्साइड आणि बायकार्बोनेट यांपासून तयार करते. सतत धापा टाकल्याने नेमका हाच कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो, रक्त अधिक अल्कधर्मी होते आणि त्यातील मुक्त कॅल्शियमही घटते. त्यात उकाड्याने भूक मंदावलेली असते, म्हणजे खाद्यातून येणारे कॅल्शियमही कमी. परिणामी अंडे येते, पण पातळ कवचाचे.

कार्यकारणाची ही साखळी कळली की उपायही आपोआप सुचतात. उन्हाळ्यात खाद्यातील मिठाचा काही भाग काढून त्याऐवजी खाण्याचा सोडा घालतात, कारण त्यातून सोडियमबरोबर बायकार्बोनेटही मिळते. मीठ तसेच ठेवून वर सोडा घातला तर मात्र कोंबड्या जास्त पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजण्याचे प्रयोगही संशोधकांनी केलेले आहेत. क जीवनसत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. माणसाला ते आहारातून मिळवावे लागते, तर कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते; परंतु उष्णतेच्या ताणात ते अपुरे पडते आणि तेवढ्यापुरता पुरवठा उपयोगी ठरतो. ते पाण्यात लवकर निकामी होत असल्यामुळे सकाळी कालवलेले पाणी संध्याकाळपर्यंत ठेवण्यात अर्थ नाही.

कॅल्शियमच्या बाबतीत किती यापेक्षा केव्हा आणि कोणत्या रूपात हे प्रश्न अधिक मोलाचे आहेत. एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम असते आणि कवच घडायला सुमारे २० तास लागतात. त्यातले बरेचसे काम रात्री चालते, म्हणजे कोंबडी काहीच खात नसते तेव्हा. बारीक दळलेली चुनखडी तोवर आतड्यातून पुढे सरकलेली असते. शिंपल्यांची जाडसर भरड मात्र पेषणीत, म्हणजे चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर मिळणाऱ्या त्या चिवट स्नायूंच्या पिशवीत, अडकून राहते आणि रात्रभर थोडी थोडी विरघळते. ही रसद नसेल तर कोंबडी स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम उपसते. भरड वेगळ्या भांड्यात ठेवली तर अंड्यावरच्या कोंबड्या संध्याकाळी आपण होऊन ती जास्त टिपतात. कोंबडीला याहून सोपे आणि स्वस्त पूरक खाद्य क्वचितच असेल, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही.

जाहिरात होते ती ‘हर्बल’ बाटल्यांची. याला एक पार्श्वभूमी आहे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत असे दिसले की अल्प मात्रेत प्रतिजैविक दिलेली पिल्ले लवकर वाढतात, आणि मग ते रोजच्या खाद्याचाच भाग झाले. त्यातून औषधांना न जुमानणारे जंतू वाढू लागले. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरचा आधार मानले जाणारे औषध खाद्यासाठीच्या जनावरांत व कोंबड्यांत वापरण्यास मनाई केली. मोकळी झालेली जागा भरण्यासाठी जे पर्याय पुढे आले, त्यांत उपयुक्त जिवाणूंची बाजू मला सर्वांत भक्कम वाटते. यंत्रात उबवलेल्या पिलाची आणि आईची कधी भेटच होत नाही, त्यामुळे तिच्या आतड्यातील जिवाणूंचा वारसाही त्याला मिळत नाही. फिनलंडमधील नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातील द्रव्य नवजात पिलांना दिले तर साल्मोनेला या रोगकारक जिवाणूला आतड्यात पाय रोवता येत नाहीत, कारण जागा आधीच भरलेली असते.

मसाल्यांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येत नाही. ओव्यातील थायमॉल जिवाणूंचे आवरण फोडते हे प्रयोगशाळेतील बशीत स्पष्ट दिसते. पण ओव्यातील तेलाचे प्रमाण पिकागणिक बदलते, आणि हळदीतील कर्क्युमिन आतड्यातून रक्तात फारसे शोषलेच जात नाही. म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दापेक्षा लेबलवर घटकाचे प्रमाण लिहिले आहे की नाही, ते आधी पाहावे. मिरचीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिखटपणा जाणवून देणारा पक्ष्यांचा ग्राही, म्हणजे चेतापेशीवरचा संवेदक, कॅप्सेसिन या मिरचीतील तिखट द्रव्याला दादच देत नाही, त्यामुळे आपल्याला घाम फोडणारी मिरची कोंबडी शांतपणे खाते आणि त्या मिरचीने बलक लालसर होतो. दादरच्या फूलबाजारात ढिगाने दिसतो त्या झेंडूचा अर्कही बलकाच्या पिवळेपणासाठीच खाद्यात घालतात. हा रंग डोळ्यांना सुखावतो, पण केवळ गडद बलकावरून अंडे अधिक पौष्टिक ठरत नाही.

पावसाळ्यात प्रश्न बदलतो. दमट गोदामातील मक्यावर बुरशी चढते आणि अफ्लाटॉक्सिन तयार होते, जे कोंबडीचे यकृत बिघडवते. बेंटोनाइटसारखी माती खाद्यात मिसळली तर ती या विषाला आतड्यातच धरून ठेवते, तरी मका आधीच नीट वाळवलेला असणे केव्हाही बरे. जमिनीवर अंथरलेले भाताचे तूस ओले झाले की विष्ठेतून अमोनिया सुटतो, पायांच्या तळव्यांना जखमा होतात, डोळे चुरचुरतात, आणि अशा शेडमध्ये पाण्यातून दिलेले कोणतेही टॉनिक फुकट जाते. तूस वरचेवर उलटणे, गळके नळ दुरुस्त करणे आणि बाजूचे पडदे उघडून वारा खेळता ठेवणे हे त्यावरचे उपाय आहेत. अमोनिया किती साचला आहे हे उभ्याने कळत नाही, शिवाय रोज तिथे वावरणाऱ्याचे नाक त्या वासाला सरावलेले असते; म्हणून सकाळी शेडमध्ये शिरताच, पडदे उघडण्याआधी, उकिडवे बसून कोंबडीच्या चोचीच्या उंचीवर श्वास घेऊन पाहावा.