नाताळ आणि क्रूस

नाताळ हा येशू ख्रिस्ताचा जन्मोत्सव. मात्र ख्रिस्ती श्रद्धेत हा जन्म क्रूसावरच्या मरणापासून वेगळा काढून पाहिला जात नाही. देवपुत्राने मानवी देह धारण केला तो मानवजातीच्या पापांसाठी त्या देहाने मरण पत्करता यावे म्हणून, असा या जन्माचा अर्थ चर्च पहिल्या शतकांपासून सांगत आले आहे. मत्तयच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलमधल्या येशूच्या एका चरित्रात, बाळाचे नाव जन्माआधीच ठरते आणि कारणही तिथेच येते: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील.

ख्रिस्ती लोक बाळ येशूला निजवलेल्या गव्हाणीपर्यंत पोचले ते क्रूसाच्या वाटेने. नव्या करारातले, म्हणजे बायबलच्या ख्रिस्ती भागातले, सर्वांत जुने लेखन म्हणजे प्रेषित पौलाची पत्रे. त्यांत क्रूस पानोपानी आहे. जन्माविषयी मात्र येशू ‘स्त्रीपासून जन्मलेला’ होता, याहून फारसे काही नाही. मार्कचे शुभवर्तमान तर प्रौढ येशूच्या बाप्तिस्म्यापासूनच सुरू होते. सणांचेही तसेच. ईस्टर हा येशूच्या पुनरुत्थानाचा सण दुसऱ्या शतकात पाळला जात होता. २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म मानल्याची सर्वांत जुनी नोंद रोममधली, इ. स. ३३६ची.

ही तारीख कशी ठरली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. रोमन सूर्यदेवाचा उत्सव त्याच दिवशी असे, हे एक स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे. दुसरे कमी ठाऊक असले तरी इथे अधिक महत्त्वाचे. येशूला २५ मार्चला क्रूसावर चढवले, असे टर्टुलियन या सुरुवातीच्या ख्रिस्ती लेखकाच्या काळापासून लॅटिन (पाश्चात्त्य) चर्चमध्ये मानले जाई. ज्या दिवशी तो मेला त्याच दिवशी तो मरियेच्या उदरात आला होता, अशी समजूत त्याला जोडली गेली. ऑगस्टीन या बिशपने ती स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे. २५ मार्चपासून नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. हे स्पष्टीकरण खरे असेल तर नाताळची तारीखच गुड फ्रायडेवरून, म्हणजे येशूच्या मरणदिवसावरून, निघाली आहे.

जन्मकथांतही मरणाची चाहूल आहे. बाळ येशूला पाहायला पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांनी (ज्ञानी पुरुषांनी) आणलेल्या भेटींत सोने व ऊद यांबरोबर गंधरस आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम हा येशूला मानणारा माणूस त्याच्या प्रेताला लावायला गंधरसच आणतो. मंदिरात वृद्ध शिमोन बाळाला हातांत घेऊन देवाची स्तुती करतो आणि लगेच मरियेला सांगतो, की तुझ्याही जिवातून तलवार जाईल. पूर्वेकडील चर्चच्या जन्मचित्रांनी हे डोळ्यांना दिसेल असे केले. तिथे गोठ्याऐवजी काळोखी गुहा असते, गव्हाण दगडी शवपेटीसारखी चौकोनी असते, आणि बाळ प्रेताभोवती गुंडाळावे तशा पट्ट्यांत घट्ट बांधलेले असते. बाळंते आणि कफन एकच दिसावे, हे चित्रकाराने जाणून केलेले असते.

धर्मशास्त्रात अथानासियस या धर्मपंडिताने चौथ्या शतकात हा विचार नेमका मांडला: ‘शब्द’, म्हणजे देवपुत्र, अमर असल्याने मरू शकत नव्हता, म्हणून त्याने मरू शकणारे शरीर घेतले. इ. स. १३००च्या सुमारास डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंडिताने वेगळी बाजू घेतली. माणसाने पाप केले नसते तरी देव मनुष्य झाला असता, कारण देहधारणेचे मूळ प्रेमात आहे. हा आक्षेप हलका नाही, आणि नाताळच्या आनंदाला तो स्वतःचे स्थान देतो. तरीही उपासनेत दोन्ही गोष्टी एकत्रच राहिल्या. नाताळच्या दुसऱ्याच दिवशी पाश्चात्त्य चर्च पहिला हुतात्मा स्तेफन याचा सण पाळते, आणि मध्यरात्रीच्या मिस्सात, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या उपासनेत, वेदीवर ख्रिस्ताच्या मरणाचेच स्मरण होते.

मराठीत ही सलग कथा ओवीबद्ध केली ती इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी. गोव्यात साष्टीच्या ख्रिस्ती श्रोत्यांसाठी लिहिलेले त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले. त्याच्या दुसऱ्या भागात बेथलेहेमचा जन्म, क्रूस आणि पुनरुत्थान एकाच पुराणात येतात.