जबड्याचा ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस

तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला रेडिएशन दिल्यावर (पेशंटच्या भाषेत 'लाईट घेतल्यावर') कधीकधी जबड्याच्या हाडाचा तुकडा मरतो, त्या हाडावरची हिरडी फाटते आणि उघडं पडलेलं हाड भरूनच येत नाही, कॅन्सर मात्र परत आलेला नसतो, यालाच ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस म्हणतात, डॉक्टर लोक नुसतं ओआरएन. हाड किती दिवस उघडं राहिलं की ओआरएन म्हणायचं यावरही वाद आहे, कुणी 6 महिने धरतं, पण हल्ली बहुतेक जण 3 धरतात. खालच्या जबड्यात जास्त होतो कारण तिथलं हाड घट्ट आणि रक्तपुरवठा कमी, आणि डोस 60 ग्रेच्या (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) वर गेला की धोका वाढतो.

खरं भांडण कारणावर आहे. या विकाराची वर्णनं साधारण 1920 च्या दशकापासूनची. 1970 मध्ये मेयर या संशोधकाने रेडिएशन, इजा आणि जंतू अशी तिकडी मांडली, म्हणून मग अँटिबायोटिकवर भर राहिला. 1983 मध्ये रॉबर्ट मार्क्स या जबड्याच्या सर्जनने म्हटलं की जंतू फक्त वरवर असतात, खरा दोष रक्तवाहिन्या, पेशी आणि ऑक्सिजन तिन्ही कमी पडण्यात आहे, आणि त्यातून दाबाखालच्या ऑक्सिजनची, म्हणजे हायपरबॅरिक चेंबरची लाट आली. त्याच्या 1985 च्या अभ्यासात, दात काढायच्या पेशंटचे 37-37 चे दोन गट होते, पेनिसिलीनवाल्यांत 11 जणांना ओआरएन झाला, ऑक्सिजनवाल्यांत 2 जणांना. आकडे छानच आहेत, पण 2004 ची फ्रेंच चाचणी आणि 2019 ची होपॉन नावाची चाचणी या दोन्हींत ऑक्सिजनचा फायदा दिसला नाही. 2004 मध्येच डेलानियन आणि लफे या संशोधकांनी फायब्रोसिसचा, म्हणजे ऊती कडक होऊन सुकत जाण्याचा सिद्धांत मांडला, पेंटॉक्सिफायलीन (रक्तप्रवाह सुधारणारं औषध) आणि व्हिटॅमिन ई ही गोळ्यांची जोडी त्यातलीच, आणि आज तोच जास्त पटण्यासारखा वाटतो, जरी या गोळ्यांवरच्या मोठ्या चाचण्या कमीच आहेत.

गुटखा-मिश्रीमुळे आपल्याकडे गालाचे आणि हिरडीचे कॅन्सर भरपूर, त्यामुळे लाईट जबड्याला लागूनच पडते. खराब दात लाईट सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी काढून घेतात. नंतर लाळ आटते, कीड लागते, दात ठणकतो आणि माणूस गल्लीतल्या दवाखान्यात लाईटचं न सांगताच दात काढून येतो, घोळ बऱ्याचदा तिथूनच सुरू होतो, अर्थात दाताला हात न लावताही ओआरएन होतोच. हाड पार मोडलं तर तेवढा भाग कापून पायाचं फिब्युला हाड बसवतात.